अण्णांचं एकच रान

माझे सासरे, अण्णा, मला बघायला शहरात, शहागंजमागच्या आमच्या घरी आले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. तुळशीच्या कुंडीतली चिमूटभर माती घेतली, प्यायला दिलेल्या पाण्यात भिजवली आणि अंगठ्याखाली चोळत बसले. आई दारामागून डोळे वटारत होती. अण्णा म्हणाले, "भरड हाय. पाणी धरत नसंल. तरी तुळस जित्ती हाय. रोज कोण घालतं?" मी घालते, असं मी म्हटलं. अण्णांनी हात धुतले आणि सुपारी फोडायला सांगितलं. स्वयंपाक येतो का, हे कुणी विचारलंच नाही.

वैजापूरजवळ आमचं रान होतं. वरच्या अंगाला बरड, खाली नाल्याकडे काळी. बरड म्हणजे मुरमाची उथळ जमीन. पाऊस पडला की घटकाभरात पाणी खाली सोडून मोकळी. काळी त्याउलट. एकदा पाणी प्यायली की सोडायचं नावच नाही. पावसाळ्यात फुगायची, चिकटून पायातली वहाण ओढून घ्यायची, उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडायच्या. पाऊस जास्त झाला की काळीतली कपाशी पिवळी पडायची आणि बरडावरची बाजरी आम्हाला खायला घालायची. पाऊस ओढला की बरड हात वर करायची आणि काळी पोटातल्या ओलीवर ज्वारी द्यायची. अण्णा म्हणायचे, "एकीवर रुसलं तरी दुसरी जेवू घालती."

माणसंही ते याच मापानं मोजायचे. मी बरड. म्हणजे राग आला तसा वाहून जातो, मागे काही राहत नाही. धाकटी जाऊ काळी. ती बोलत नाही, पण मुरवते, आणि वैशाखात तिच्यात पाय अडकेल एवढी भेग पडते. हे त्यांनी आम्हा दोघींना समोरासमोर, जेवताना सांगितलं. पुढे कित्येक दिवस आम्ही दोघी ताटं वाढण्यापुरतंच बोलत होतो. त्यातही आधी मीच बोलले.

अण्णांना धास्ती एकाच गोष्टीची होती. पोलीस ॲक्शननंतर लगेचच त्यांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची वाटणी झाली होती. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे उभी वाटणी, म्हणजे दोघांनाही थोडी बरड आणि थोडी काळी यावी म्हणून रान वरून खालपर्यंत चिरायचं. न्याय झाला, पण पट्ट्या इतक्या अरुंद झाल्या की औत आडवं फिरेना. मग उतारानं उभं नांगरायचं, आणि पावसानं नांगराच्या तासातासातून माती नाल्यात न्यायची. तुझ्या बाजूनं माझी माती गेली, यावरून दोघा भावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. भावाला मूलबाळ नव्हतं, त्याच्या मागं त्याची पट्टीही अण्णांकडे आली. मधला बांध त्यांनी स्वतः फोडला, पण बोलायला भाऊ कुठं होता? आपल्या मागं आपल्या दोन पोरांचंही असंच होणार, या विचारानं त्यांना घास उतरत नसे.

त्यावर त्यांनी तोड काढली. रान चिरायचं नाही. दर पाडव्याला अदलाबदल. या साली थोरला बरडावर, धाकटा काळीत. पुढच्या साली उलट. आमचे हे, म्हणजे थोरले, शहरात नोकरीला, त्यामुळे आमच्या बाजूचं सालगडी पाहायचा. भाऊजी गावातच. दोघांनीही मान डोलावली, आणि दोघांनीही खत टाकणं बंद केलं. पुढच्या साली भावाच्या पिकाला जाणारं शेणखत यंदा आपण कशाला टाका? कुणी तसं बोललं नाही, आमच्या घरात सगळे फार सभ्य. उकिरडा मात्र गोठ्यापेक्षा उंच झाला, आणि बरडावरची बाजरी गुडघ्याला लागेनाशी झाली.

अण्णांनी ते पाहिलं. आपली तोड फसली, असंही म्हणाले नाहीत. उन्हाळ्यात गावतळं आटलं, तेव्हा बैलगाडी जुंपून ते तळ्यातला काळा गाळ काढू लागले आणि बरडावर पसरू लागले. मुरमाला पाणी धरायची सवय लावायची, एवढंच सांगायचे. लोक हसायचे, मीही हसले. पुढच्या उन्हाळ्यात तेच, त्याच्या पुढच्याही. कमरेत वाकले तरी गाडी सुटली नाही. यांनी एकदा वैतागून विचारलं, "अण्णा, कुणाच्या वाट्यात टाकताय हे?"

"वाटा बिटा नाय. रानात टाकतोय," अण्णा म्हणाले आणि बैल हाकले.

ते गेले तेही अशाच एका उन्हाळ्यात, गाडी सोडून सावलीत टेकले तिथंच. तेरावा झाल्यावर यांचे मामा म्हणाले, आता सोक्षमोक्ष लावा. एकानं काळी घ्यावी, एकानं बरड, चिठ्ठ्या टाकू. कमीजास्त मी बघतो. दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता हो म्हणाले.

काळी कुठं संपते ते ठरवायला सगळे रानात गेलो. अदलाबदलीतली हद्द नुसती मातीच्या रंगावरून धरलेली, बांध कधी घातलाच नव्हता. मामा पुढे, हातात खुंट्या. नाल्यापासून वर चालत गेले, थांबले, परत खाली आले. खुंटी कुठं ठोकावी ते कळेना. वरच्या अंगापर्यंत रान काळंच दिसत होतं. मामा म्हणाले, वरवर काय बघता, टिकाव घ्या, हातभर खणा, खाली मुरूम लागंल तिथं बरड. भाऊजींनी टिकाव उचलला. मग त्यांनी तो खाली ठेवला.

"अण्णांनी जल्मभर झाकलंय मामा," ते म्हणाले, "ते आपुन उकरून काय बघायचं?"

हे पुढे झाले, मामांच्या हातातल्या खुंट्या काढून घेतल्या आणि भाऊजींना म्हणाले, "चल, गाडी जुंप. तळ्यात अजून गाळ हाय."

दोघं भाऊ तळ्याकडे गेले. मला तिथंच बसून रडू फुटलं. अण्णांच्या दिवसांतही मी एवढी रडले नव्हते. धाकटी जाऊ माझं होईपर्यंत उन्हात उभी राहिली.