थंडीत पंखा

पिस्कॅटवेच्या त्याच्या घरून मी निघताना अनिकेतनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलानं, माझ्या हातात बसचं तिकीट ठेवलं आणि एक कामगिरीही. "मावशी, आई तुझंच ऐकते. घर विकून इकडे ये म्हणावं. बाबा गेल्यापासून त्या गार घरात एकटी कुडकुडतेय यार. रविवारी मी दोघींना घ्यायला येतो." मी म्हटलं, "काळजी करू नको, सुनंदाला मी दोन दिवसांत पटवते." नागपूरची आहे मी, आधी बोलते, मग विचार करते.

बस कनेक्टिकट ओलांडून वर सरकली तसा रस्त्याकडेचा बर्फ वाढत गेला. वूस्टरच्या स्टँडवर सुनंदा गाडी घेऊन उभी होती. "जय भीम, ताई!" म्हणत तिनं मिठी मारली. तिच्या अंगात नवऱ्याचं, मिलिंदरावांचं जाकीट होतं. ते उन्हाळ्यात गेले. हा तिचा एकटीचा पहिलाच हिवाळा.

श्रूजबरीतलं तिचं घर मोठं टुमदार. पण हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मोज्यांतून थंडी वर चढली. पाटवडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी) आम्ही कानटोप्या घालून जेवलो. झोपायच्या खोल्यांत विजेचे हीटर आहेत, हॉलची मदार मात्र इन्सर्टवर (भिंतीतल्या शेकोटीच्या कोनाड्यात बसवलेली, काचेच्या दाराची लोखंडी भट्टी). ती कायम मिलिंदरावच पेटवायचे.

"ते असताना इथं सुती साडीवर बसायचे मी," सुनंदा म्हणाली. "आता दिवसभर लाकडं कोंबते, तरी भट्टीपुढचं हातभर अंतर सोडलं की गारच. अनिकेतला शब्द दिलाय, रविवारपर्यंत हॉल गरम झाला नाही तर घर विकते."

"तुला जायचंय का पण?"

"जायचं असतं तर हात भाजून घेतले असते का, ताई?" तिनं बोटं दाखवली आणि रडायलाच लागली. माझी कामगिरी तिथंच संपली. आता हॉल गरम करणं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला. अर्धं आयुष्य चुलीपुढे गेलंय, मला कोण शिकवणार? बारीक काटक्या रचल्या, जाळ धरला, आणि लाकूड पुरवून वापरावं म्हणून भट्टीत हवा सोडायची दांडी पार बंद केली. काच काळीठिक्कर झाली. काय झालं बघायला दार उघडलं, तर सगळा धूर हॉलमध्ये आणि छताला लावलेली धुराची भोंगी जी बोंबलायला लागली! दोघी टॉवेल हलवत नाचत होतो. "वा रे अन्नपूर्णा!" सुनंदा म्हणाली. किती दिवसांनी हसली असेल.

शेवटी गावाबाहेरच्या एका लाकूडवाल्याला फोन केला. हॅरोल्ड नावाचे सत्तरीचे गृहस्थ ट्रकभर ओकची लाकडं घेऊन आले. अंगणातली आमची लाकडं त्यांनी एकमेकांवर आपटली, भद्द आवाज आला. त्यांची आपटली, टणटण वाजली. "तुमची ओली आहेत, मॅम. अशी कोंडून का ठेवलीत?" पावसाळ्यापूर्वी सरपण झाकतात तशी सुनंदानं ताडपत्री चारी बाजूंनी गच्च आवळली होती. "फक्त वरून झाका. बाजूंनी वारा लागू द्या."

सुकी लाकडं आत रचून त्यांनी पेटवली, दांडी उघडी ठेवली. अर्ध्या तासात जाळ असा सणसणला की काच आपोआप साफ झाली, मग दांडी थोडी ओढून घेतली. तरी सोफ्यावर गारवाच. हॅरोल्डनी वाकून भट्टीच्या तळाशी असलेलं बटण पाहिलं. "फॅन का बंद आहे?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थंडीत पंखा?

"एकदा लावला होता," सुनंदा म्हणाली, "पेटवतानाच. पायांवर गार वारा आला. तेव्हापासून हात नाही लावला." मी जोरात मान डोलावली. पौष महिन्यात पंखा लावणाऱ्याला आमच्याकडे वेड्यात काढतात.

हॅरोल्ड पोट धरून हसले. "भट्टी भिंतीत आहे, ऊब तिच्या मागे अडकून बसते. फॅन ती बाहेर ढकलतो. फक्त आधी लोखंड तापू द्यायचं." त्यांनी बटण दाबलं.

घूंऽऽ असा बारीक आवाज सुरू झाला आणि गरम वारा थेट सोफ्यापर्यंत आला. सुनंदानं कान टवकारले. "अगं बाई, हाच आवाज! इतकी वर्षं मला वाटायचं फ्रिजचा आहे." मग तिनं जाकीट काढलं, घडी करून मांडीवर ठेवलं आणि कितीतरी वेळ त्यावर हात फिरवत बसली.

रविवारी अनिकेत आला तो बॅगा उचलायच्या तयारीनं. हॉलमध्ये पाच मिनिटं बसला, स्वेटर काढला, आईच्या हातचा चहा घेतला. विकायचा विषय त्याच्या तोंडून निघालाच नाही. निघताना गाडीत एकच बॅग चढली, माझी.

हायवेला लागल्यावर तो म्हणाला, "मावशी, बाबा फॅन लावायचे ते मला माहीत होतं. लहानपणी मीच ऑन करायचो."

"मग आईला सांगितलं का नाहीस?"

"तिनं विचारलं नाही." मग तोच म्हणाला, "आणि मी पण नाही विचारलं, की नक्की काय अडतंय. फक्त शिफ्ट हो, शिफ्ट हो."

मी तरी काय विचारायला गेले होते? पटवायलाच गेले होते. आपल्या माणसाची काळजी वाटली की आपण त्याला उचलून आपल्या घरी आणायला धावतो. त्याला त्याच्या घरात काय हवंय, हे बघायला दोन दिवस थांबत नाही.

त्यानं स्पीकरवर फोन लावला. "आई, रात्री फॅन लो कर हं, आणि लाकूड..."

"अनिकेत," सुनंदा मध्येच म्हणाली, "रस्त्याकडे बघ. माझं घर मी बघते."