सात दिवसांचं जेवण, सिंगापूर

सदर इसम नामे पदू आबाजी बडेकर, वय वर्षे त्रेसष्ट, राहणार कोंडाणे, तालुका कर्जत, जिल्हा रायगड. बांधा मध्यम, ओळखखूण उजव्या भुवईवर जुनी खोक. व्यवसाय भातशेती, तत्पूर्वी साजगाव येथील कारखान्यात भांडार विभागात एकतीस वर्षे नोकरी, विनातक्रार. हा पत्नी सोनुबाई हिच्यासह सात दिवसांकरिता सिंगापूर येथे विवाहित कन्येस भेटण्यासाठी जाऊ इच्छितो. त्याच्यापासून सदर शहरास कोणताही आर्थिक भार संभवत नाही.

कर्जत स्टेशनाजवळच्या एजंटाने भरून घेतलेल्या अकरा कागदांचा मथितार्थ एवढाच होता. शेवटच्या वाक्याची त्या शहराने फारशी फिकीर केली असेल असं वाटत नाही. पदूतात्यांनी मात्र ते मनावर घेतलं.

तिकिटं जावयाने, म्हणजे विपुलने, काढून पाठवली होती. ती परत करता येत नाहीत असं कळल्यामुळे तात्यांनी ती स्वीकारली. पण तिथला खर्च आपला, हे त्यांनी आधीच बजावून ठेवलं. पुतण्या हर्षद कंपनीतर्फे एकदा सिंगापूरला चार दिवस राहून आला होता. त्याला ओट्यावर बसवून तात्यांनी तिथले भाव काढून घेतले. दीड डॉलरला चहा. सहा डॉलरला साधं जेवण, तेही टपरीवरचं. डॉलरला पासष्ट रुपये धरा, हर्षद म्हणाला, आणि चहा पिताना हिशेब करू नका, घशाखाली उतरणार नाही.

तात्यांनी कारखान्यातल्या मागणीपत्रासारखे रकाने आखले. चहा, माणसं दोन, दिवसाला दोन वेळा. जेवण, माणसं दोन, दिवसाला दोन वेळा. दिवसाचे तीस डॉलर, सात दिवसांचे दोनशे दहा. गाडीभाडं छप्पन्न. फुलांची बाग पन्नास, पक्ष्यांची बाग सत्तर, आकस्मिक पन्नास. पाणी बाहेरच्या सार्वजनिक नळाचं, खर्च शून्य. एकूण चारशे छत्तीस डॉलर, म्हणजे अठ्ठावीस हजार तीनशे चाळीस रुपये. हे पैसे बाजूला काढलेले होते.

लेकीच्या घरी उतरणारा बाप दोन्ही वेळचं जेवण बाहेर का मांडतो, हा प्रश्न हर्षदला पडला नाही, कारण तोही कोंडाण्याचाच. लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. नातवंड झालं की मग त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा पाटावर बसायचं. जागृतीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. पहिली चार ती बदलापूरला होती, तेव्हा तात्या घरून पाण्याची बाटली नेत, दोन तास तिच्या सोफ्यावर बसत आणि खाली येऊन मिसळ खात. सात दिवसांचा प्रश्न प्रथमच आला होता. झोपायला हरकत नव्हती. आंघोळीचं पाणी पोटात जात नाही, सबब तेही चालत होतं.

"आन् चूळ भरली तर ओ?" सोनुबाईंनी विचारलं.

हा टोमणा आहे हे तात्यांना कळलं नाही. त्यांनी त्यावर संध्याकाळपर्यंत विचार केला आणि चूळ थुंकली जाते म्हणून तिला मंजुरी दिली.

मग त्यांनी कागदाचा फोटो काढून जागृतीला पाठवला. उद्देश चांगला होता. आपल्या येण्याने पोरीच्या संसाराला तोशीस पडणार नाही, हे तिला लेखी कळावं.

जागृतीने तो लगेच पाहिला, तशा निळ्या खुणा उमटल्या. पण उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तात्यांनी बेरीज पुन्हा तपासली. ती बरोबर होती.

"काय चुकलं गं माझं?" त्यांनी शेवटी बायकोला विचारलं.

सोनुबाई सुके वाल निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. सुपातले किडके दाणे बाजूला टाकता टाकता त्यांनी जे सांगितलं ते असं, की जागृतीला दिवस राहिले होते, एकदा नाही, तीनदा. एकदा बदलापूरला आणि दोनदा तिकडे. तिसऱ्या वेळेला पाचवा महिना होता. आणि आता श्रावणात तिथल्या डॉक्टरीणबाईने दोघांना समोर बसवून सांगितलं, की यापुढे नाही.

श्रावणात तात्यांना जागृतीला ताप आहे एवढं सांगण्यात आलं होतं. त्यांनी गुळवेलीचा काढा कसा करायचा ते फोनवर सविस्तर सांगितलं होतं. जागृतीने लिहून घेतलं होतं.

"मला सांगायचं नाय का?"

"सांगून काय व्हनार होतं? आनखी एक काढा सांगितला असतात."

तात्या आत गेले आणि त्यांनी तो कागद काढला. आपण पोरीला काय लिहून पाठवलं होतं ते त्यांना आता वाचता येत होतं. एकतीस वर्षं चुकलेल्या नोंदी दुरुस्त करण्याची त्यांना सवय होती. त्यांनी पट्टी लावली, लाल पेनाने चहा आणि जेवणाच्या दोन्ही ओळी खोडल्या, बाजूला सही केली, एकूण दोनशे सव्वीस केले आणि नवा फोटो पाठवला. सहा वर्षांचा रिवाज आणि त्यामागची त्यांच्या आजापणजांची वर्षं त्यांनी एका रेघेत मोडली होती. रेघ सरळ आली होती.

अर्ध्या तासात फोन वाजला.

"बाबा, जेवण खोडलंत."

"हां. आता घरीच जेवू की. तुझ्या हातचं खाऊन किती वर्षं झाली."

पलीकडून ती म्हणाली, "आईनं सांगितलं ना?"

"सांगितलं."

"म्हंजे आता होनार नाय, असं तुमीपन धरलंत."

"तसं नाय गं."

"मग खोडलंत कशाला?"

नोंद रद्द का केली, या प्रश्नाला तात्यांनी नोकरीत कधी उत्तर चुकवलं नव्हतं. आता त्यांनी कागद पुढे ओढला. मूल नसताना जेवायला बसलं तर आशा सोडली असा अर्थ होतो, आणि नाही बसलं तर मूल नाही हे रोज दोन वेळा पोरीच्या तोंडावर म्हटल्यासारखं होतं. तिसरा रकाना कागदावर नव्हता.

"पहिलाच कागद राहू दे, बाबा," जागृती म्हणाली. रडत नव्हती, रडून झाल्यासारखा आवाज होता. "डॉक्टरनं सोडलं. विपुल बोलत नाय, पन त्यानं बी सोडलं. तुमी माझ्याकडं पानी पीत नव्हतात ना, तवा मला वाटायचं, एक मानूस तरी वाट बघतंय."

तात्या बरं म्हणाले.

भाताची झोडणी आटोपल्यावर दोघं गेली. जागृतीचं घर अकराव्या मजल्यावर होतं आणि इमारतीच्या खालीच खाण्याच्या टपऱ्या होत्या. पहिल्या दुपारी तात्या आणि सोनुबाई जेवायला खाली निघाली, तेव्हा जागृतीने पायात चपला घातल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं. खाली तिने ताट मागितलं नाही. तात्यांनीच तीन ताटं आणली. रात्रीही तसंच झालं आणि पुढेही तसंच होत राहिलं. विपुल कामावरच जेवून येई. तात्यांनी पाणी खालच्या नळावर प्यायलं आणि चूळही तिथेच भरली.

परत आल्यावर तात्यांनी सवयीप्रमाणे गोषवारा लिहिला. प्रवास ठरल्याप्रमाणे पार पडला. फुलांची बाग पाहिली. पक्ष्यांची बाग रद्द. ती रक्कम व आकस्मिक रक्कम मिळून एकशे वीस डॉलर, पैकी एकशे पाच तिसऱ्या माणसाच्या चहा-जेवणाकडे वर्ग. शिल्लक पंधरा डॉलर. तक्रार नाही.

त्या सात दिवसांत जागृतीच्या घरात गॅस पेटला नाही.