मुबारकबीची बोटं

शेवगावजवळच्या त्या गावात लग्न ठरलं की आधी तारीख धरायची, मग आचारी, आणि मग मुबारकबी. बस्त्याला, म्हणजे दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून लग्नाचं कापड घ्यायला, ती बरोबर नसली तर बायकांना दुकानाची पायरी चढायला धीर होत नसे. तिचा बाप सायकलवर कापडाचा गठ्ठा बांधून नेवाशापासून शेवगावापर्यंत आठवडी बाजार करायचा. त्याच्याजवळ बसूनच ती कापड चिमटीत धरायला शिकली. सूत किती, भेसळ किती, किती धुण्यांत जीव सोडील, सगळं तिची दोन बोटं सांगायची. आणि ती बोलायची तेही असं, की दुकानदाराला पाणी कडू लागावं. "हे मच्छरदानीला बरं हाय," हे तिचं त्यातल्या त्यात गोड मत.

माणसांनाही ती याच मापानं मोजायची. नवऱ्याला जन्मभर "हलका माल" म्हणाली. तो बिचारा तिच्या शब्दाला जागला आणि पन्नाशीतच गेला.

दोन वर्षांपूर्वी मात्र साखरेच्या आजारानं डाव साधला. आधी तळपाय बधिर झाले, मग बोटं. तव्यावर भाजलेलं बोट तिला फोड आल्यावर कळलं. मुलगा परवेझ म्हणाला, "अम्मी, आता बस्ते बंद कर." "मी काय बोटांनी बघते व्हय?" म्हणून तिनं त्यालाच झापलं. बोटांनीच तर बघत होती! पण बस्त्याचं बोलावणं थांबलं तर गावात आपण कोण उरतो, हे ती ओळखून होती. पंक्चरवाल्या परवेझची म्हातारी, बस. म्हणून दोन वर्षं तिनं थोडा डोळ्यांचा अंदाज, थोडी थाप आणि बाकी तोंडाचा पट्टा, यावर निभावून नेलं. कुणाला पत्ता लागला नाही. तिला त्याची लाज वाटायची, पण बोलावणं आलं की ती पुन्हा जायचीच.

यंदा शेजारच्या रतनबाईच्या ज्ञानेश्वरीचं लग्न निघालं. पोरगी मुबारकबीच्या अंगणात रांगलेली. बस्ता काढला तो शेवगावच्या तीन मजली वस्त्रदालनात, कारण तिथं पाडव्याचा महासेल होता. दारात फुग्यांची कमान, कर्ण्यावर ओरडणारा माणूस, आणि बस्त्यावर मिक्सर फुकट. जणू गावोगावच्या बायका मिक्सरावाचून आजवर उपाशीच होत्या! आत चादरींचे, टॉवेलांचे, शर्टपीसचे ढीग, आणि ढिगावर बायका तुटून पडलेल्या. जी चादर रोज तीनशेला मिळते, तिच्यावर आठशे छापून खोडले होते आणि पुढे चारशे लिहिले होते. ते चारशे देऊन आपण शेठला बुडवला, या आनंदात जो तो घामाघूम झाला होता.

शालूच्या विभागात रंगनाथ उभा होता. तीस वर्षं गादीवर मांडी घालून कापड विकत आलेला माणूस, त्याला शेठनं लाल टीशर्ट चढवला होता.

"काय रं रंगनाथ, म्हातारपणी वाढपी झालास?" मुबारकबी म्हणाली.

"तुमी आलात भाबी, आता माझं काय खरं न्हाई," तो हसला आणि त्यानं डाळिंबी शालू समोर टाकला. बारा हजारांचा सहा हजारांत. बायका श्वास रोखून मुबारकबीकडे बघायला लागल्या. तिनं काठ चिमटीत धरला, डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि निवाडा दिला, "सूत बरं हाय. काठाची जर थोडी कोरडी, पण टिकंल."

मग ज्ञानेश्वरी हळूच म्हणाली, "मावशी, पिशवी हाय त्याला अजून."

शालू पारदर्शक पिशवीत घट्ट बंद होता.

मुबारकबीनं काठ झटकन सोडला. पण काय सांगावं त्या बायकांना! रतनबाईची जाऊ चांगुणा टाळी देऊन हसली, "बघा गं, पिशवीवरनं वळखती! उगंच न्हाई आणत आमी हिला." रंगनाथनं तर गाणंच केलं. "भाबीनं बंद पिशवीत पास केला, आता काय बघायचं? आन पोरगी बघा, लक्ष्मी हाय लक्ष्मी! रंग कसा खुलंल! सासरची दृष्ट काढत बसतील!" बोलता बोलता त्यानं पावतीचं पुस्तक ओढलं.

मुबारकबीनं फक्त गप्प बसायचं होतं. नाव तर वाढलंच होतं. पण तीस वर्षं या माणसाशी तिनं हुज्जत घातली होती. माल खणखणीत असला की रंगनाथ भाव सांगून गप्प बसायचा. गिऱ्हाइकाचं रूप वाखाणायला लागला की समजावं, कापड कुजकं आहे. ज्ञानेश्वरी शालू पिशवीसकट खांद्यावर धरून आरशात बघत होती, आणि तिचा चेहरा खुलला होता. मुबारकबीला स्वतःचीच चीड आली.

"ठेव त्यो खाली," ती म्हणाली. "घडीवर विरलेला असणार. मला काय कळलं न्हाई. दोन वर्सं झाली, माझ्या बोटांना काय कळत न्हाई."

रंगनाथनं पिशवी फोडायला टाळाटाळ केली. रतनबाईनं फोडली. घडीवर बोट दाबलं तर ते आरपार गेलं.

कुणी रंगनाथला बोललं नाही. चांगुणा वळली ती मुबारकबीवर. "म्हंजी माझ्या सुनेचा बस्ता बी आंधळाच केलास म्हन की!"

"तुझ्या सुनेला काय कळायचंय, ती पडदे नेसवले तरी नेसंल," मुबारकबी म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. बायका वरच्या मजल्यावर गेल्या. सेल नसलेला शालू त्यांनी स्वतःच चोळून, उजेडात धरून निवडला. ती खाली चादरींच्या ढिगाशी बसून राहिली.

लग्नात शालू उठून दिसला. व्याह्यांकडच्या बायकांनी पदर हातात घेऊन विचारलं, कुणी निवडला? "आमीच की," रतनबाई म्हणाली, आणि चांगुणानं मान डोलावली. पंगतीत बसलेल्या मुबारकबीनं ते ऐकलं. त्या दिवशी गप्प बसली असती, तर आज कुजक्या शालूवर तिचं नाव गाजलं असतं. तिला भयंकर वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा राग आला.

वाढपी म्हणाला, "मावशी, भात?"

"वाढ," ती म्हणाली. "गरम हाय का त्येवढं सांग, मला कळत न्हाई."