बायजाबाईंच्या खानावळीतल्या दुपारी

तीन माणसं रोज एकाच पंगतीला बसायला लागली की किस्से आपोआप साठतात. आमचे साठले ते मात्र भीतीपोटी! निजामाच्या राज्याची शेवटची एक-दोन वर्षं. परभणीत कचेरीच्या मागं बायजाबाईंची खानावळ होती, दुपारी बसायला जागा मिळायची नाही. मी कचेरीत कागदांच्या नकला करणारा, गणपतराव चुडाव्याचे, स्टेशनात पार्सल क्लार्क, आणि दत्तू मास्तर शाळेतले.

बाहेरच्या बातम्या कळायच्या त्या इथंच, घासाघासाला, हळू आवाजात. कोणी संशयास्पद माणूस आत आला की बाई चुलीपासून ओरडायच्या, "वरनात मीठ कमी हाय!" की आम्ही लगेच पीकपाण्यावर! एकदा ओरडल्या आणि अख्खी खानावळ पीकपाण्यावर बोलत सुटली. शेवटी बाई मिठाचं भांडं घेऊन बाहेर आल्या. "आरं, आज खरंच कमी हाय! कोनीच मागंना का?"

मग तो कोपऱ्यातला माणूस. रोज एकटा यायचा, रोज आमच्याकडं बघायचा. गणपतराव कुजबुजले, "सरकारचा मानूस हाय. बोलू नका." आठ दिवस आम्ही नुसती वांग्याच्या भाजीची तारीफ केली. गणपतरावांचं तर अन्नच तुटलं. नवव्या दिवशी तो माणूस स्वतःच उठून आला आणि हात जोडले.

"साहेब, मी पेडगावचा. बायको दवाखान्यात हाय, म्हनून हितं जेवतो. माझ्यावर काय आळ घेतलाय का तुमी? रोज माझ्याकडंच बघायलाव!"

मास्तरांची गोष्ट ह्याहून वाईट. त्यांच्या खिशात बंदी घातलेलं पत्रक होतं आणि दारात पोलीस! मास्तरांनी खिशातला कागद काढला, भाकरीत दुमडला, वर ठेचा लावला आणि खाऊन टाकला. डोळ्यांत पाणी, कपाळावर घाम. पोलिसानं आपला डबा भरून घेतला आणि गेला. मास्तरांनी सुस्कारा टाकला, दुसरा खिसा चाचपला आणि पांढरेफटक पडले.

"काय झालं?"

"मंजूर झालेला रजेचा अर्ज खाल्ला. पत्रक हितंच हाय!"

आणि ती एक दुपार. नवीन बदलून आलेला जमादार आत आला, हातात वॉरंट. "दत्तू मास्तर कोन?"

मास्तर माझ्या मांडीला मांडी लावून बसलेले. सगळ्यांच्या माना खाली. माझा हात वरणातच राहिला.

बाई पुढं आल्या. "हायेत. जेवायलेत. जेवत्या मानसाला पानावरून उठवत न्हाईत, जमादार. तुमीबी उपाशी दिसता. मागं हीर हाय, हात धुऊन या, वाढते."

मला वाटलं, घात केला बाईनं!

जमादारानं सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली. मास्तरांच्या बाहीवरच्या खडूपाशी ती थांबली. मग काठी भिंतीला टेकवून तो मागं गेला.

मास्तर उठले आणि उष्ट्या हातानंच पुढच्या दारानं निघून गेले. ते निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात, वाशीमला सुखरूप पोचले, हे आम्हाला महिन्यानं कळलं. त्या दुपारी आम्ही फक्त रहाटाची करकर ऐकत होतो. बादली वर यायची, पुन्हा खाली जायची. पुन्हा वर, पुन्हा खाली.

जमादार आत आला तेव्हा माझं वरण गार झालं होतं. मास्तरांच्या पानावरच्या अर्ध्या भाकरीकडं त्यानं पाहिलं, तिच्या शेजारीच बसला आणि पोटभर जेवला. उठताना म्हणाला, "बाई, हीर लय खोल हाय तुमची. पानी वडायला येळ लागतो."