खलनायकाची दृष्ट

मला वाचवलं ते माझ्या लेकीला पळवून नेणाऱ्या माणसाने. नाव विचारायचं राहूनच गेलं. जर्मनीत कोलोनजवळच्या एका जुन्या घरात कमी बजेटच्या थरारपटाचं शूटिंग होतं. पळवलेली पोर म्हणजे माझी सात वर्षांची मुलगी, पळवणारा तो. सव्वासहा फूट उंच, गालावर रंगवलेला व्रण, पण दोरी बांधताना दर वेळी विचारणार, "घट्ट नाही ना झाली?" त्याला चष्म्याशिवाय दिसायचं नाही, म्हणून गाठ माझी लेकच मारायची.

मी नववीत शाळा सोडलेली, जरा भित्रीच. पोरीला रोज मरणाच्या दारात बघवेना. शेवटी तिथल्या स्वयंपाकघरात मीठ-मोहरी-मिरच्या तिच्यावरून ओवाळल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. दृष्ट लागलेली असेल तर ठसका लागत नाही म्हणतात. इथे अख्खं युनिट खोकायला लागलं, वर छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. दिग्दर्शिकाबाईंनी आधीच बजावलं होतं, पुन्हा शूटिंग थांबलं तर दुसरी मुलगी घेईन.

"कोणी केलं हे?" त्या ओरडल्या. मी तवा पाठीमागे लपवला.

"मी. सिगारेट ओढली," तो डोळे पुसत म्हणाला.

"मिरचीची?"

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर.

बाई हसल्या. लेकीचं काम वाचलं.

मग लेकीकडून दृष्टीचं कळल्यावर माझ्याकडे वाकून तो काहीतरी पुटपुटला. एरवी जर्मनमध्येच बोलणाऱ्या लेकीने ते मला मराठीत सांगितलं, "आई, तो म्हणतो, पिक्चर बघून लोक शिव्याशाप मलाच देणार. माझीपण काढाल का?"

काढणार तर! पिक्चर लागू दे, ऱ्हाइनकाठी मोकळ्यावर तवा घेऊन येते. फक्त त्याने खाली बसायचं. माझा हात तिथवर पोचायचा नाही.