भंगारातलं होडीचं इंजन

मला राग आला की आधी कानशिलं तापतात, मंग तोंड सुटतं. त्या वर्षी पोळ्यापासून माझी कानशिलं तापलेलीच होती, अन् कारण एकच होतं, नदीपल्याडचं शेत.

गोदावरीला बंधारा झाला, पाणी अडलं, अन् आमच्या गावासमोरचा उतार कायमचा बुडाला. आधी पावसाळा सरला की गुडघाभर पाण्यातून बैलगाडी पल्याड जायची. आता बारा महिने पाणी. बुडीतातल्या जमिनी सरकारनं घेतल्या. आमचं शेत उंचावर होतं म्हणून वाचलं. वाचलं कसलं, अडकलं! पुलावरून वळसा घालायचा तर जाण्यायेण्यातच दिवस जायचा, अन् इतक्या लांब वेचणीला बाया यायच्या न्हाईत. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पत्र्याची होडी करून घेतली, वल्ही मारून बघितली. रिकामी असली की बराबर जायची, पेरणी-खुरपणी तशीच उरकली. पण कापसाची गाठोडी भरली अन् वारा सुटला की ती आपली बंधाऱ्याच्या दिशेला निघायची. एकदा तर मी गाठोड्यावर बसून सगळ्या देवांना हाका मारल्या, अन् मालक वल्ही मारून मारून पांढरे पडले.

मंग मालकांचा चुलत भाऊ पुढं आला. तो पल्याडच राहतो, त्याचं रान आमच्या बांधाला लागून. म्हणाला, "वैनी, तुमचं येणं होईना, रानाचे हाल व्हायलेत. मला देऊन टाका." वर भाव इतका कमी सांगितला की मला हसू आलं. पण मालक हसले न्हाईत. "दसऱ्याला इसार घेऊन टाकू," म्हणाले. आमच्याकडं कागद नंतर होतो, शब्द आधी जातो. इसाराचे पैसे हातात घेतले की संपलं.

ते शेत म्हणजे आधी नुसता माळ होता. लग्न होऊन आले तेव्हा सासरच्या लोकांनी हसत हसत आमच्या वाट्याला टाकलेला. उन्हाळे गेले त्यातले दगड वेचण्यात. पाटीनं दगड वाहून मी तिथला बांध घातला. पहिल्यांदा तिथं कापूस फुटला तेव्हा मी बांधावर बसून रडले होते, आनंदानं. ते रान दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं? मालकांना सांगितलं तर म्हणायचे, "मला काय आनंद होतोय का? पण जायचं कसं, ते सांग." मी आणखीच चिडायची.

मालकांचं गावात मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान. सामान आणायला आम्ही दोघं जालन्याला गेल्तो. तिथं एका भंगारवाल्या शेठकडं मालक जुन्या मोटारी उलट्यापालट्या करून राह्यले होते. मी उगंच इकडंतिकडं बघत होते, तर कोपऱ्यात एक पंखा दिसला. तीन पात्यांचा. वर लांब दांडा, अन् दांड्याच्या डोक्यावर इंजन.

"शेठ, हे काय?"

"होडीचं इंजन आहे, बाई. समुद्राकडच्या मालात आलं. लई जुना पीस. उद्या फोडून ॲल्युमिनियम अलग करणार."

मी त्याच्यापुढं जाऊन उभी राह्यले. उद्या फोडणार!

मालकांनी लांबूनच हात हलवला. "चल. पार्ट कुठं मिळायचे त्याचे?" तरी मी दोरी ओढून बघितली. हलेना. "बघ, जाम हाये. भंगार ते भंगारच."

पण मी माहेरच्या विहिरीवर ऑइल इंजनाला हँडल मारून मोठी झालेली. जाम झालं म्हणजे मेलं, असं न्हाई, हे मला चांगलं ठाऊक. शेठकडून पाना मागितला, प्लग काढला, भोकातून थोडं डिझेल मुरायला सोडलं, अन् म्हणलं, "शेठ, आता चहा सांगा." शेठला गंमत वाटली. चहा आला. मालक तोंड फिरवून प्याले. चहा झाल्यावर मी इंजनाच्या डोक्यावरच्या चाकाला दोन्ही हातांनी धरून हळूहळू मागंपुढं करायला लागले. कुरकुरलं, अडलं, अन् एकदम सुटलं. मी प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला.

"ओ, ओढा दोरी."

"कशाला उगं?"

"ओढा म्हणते ना!"

त्यांनी ओढली, अन् आतल्या हवेनं माझा अंगठा भोकावरून फेकून दिला. मी ओरडलेच, "दम हाये! ओ, दम हाये याच्यात!" शेजारच्या दुकानातली माणसं बघायला आली.

तरी मी थांबले. मालकांचं म्हणणं खोटं नव्हतं, पार्ट कुठून आणणार? हे चाललं न्हाई तर शेत जाणार ते जाणारच, वर "आम्ही सांगत होतो" हे जन्मभर ऐकावं लागणार. मी शेठला म्हणलं, "बैल घेताना औताला जुंपून बघत्यात. न्हाई चालला तर परत घेत्यात."

"बाई, भंगारात परतीची बात नसते," शेठ हसला. "वजनावर देतो. ले जाओ."

मी मालकांकडं बघितलं. ते पुढं आले, भोकावर आपला अंगठा ठेवला, अन् मला म्हणाले, "ओढ आता तू." मी ओढली. त्यांचाही अंगठा उडाला. अंगठा झटकत ते शेठला म्हणाले, "काटा लावा."

घरी आणलं अन् सगळं खोललं. कार्बोरेटरमधी पेट्रोल वाळून काकवीगत चिकटलं होतं, ते मी धुऊन काढलं. पॉइंट अन् कंडेन्सर जुन्या स्कूटरचे बसले. ओढूनताणून बसवले म्हणा, पण ठिणगी पडली. नडलं ते वेगळंच. नदीचं पाणी वर ओढून इंजन गार ठेवायला आत रबराचं फूल असतं, त्याच्या पाकळ्या पार झडून गेल्त्या. तसलं फूल कुठंच मिळंना. शेवटी मालकांनी बियाणे कंपनीतल्या मशिनचा टाकून दिलेला पट्टा आणला, अन् त्यातून पात्यानं फूल कापायला बसले. पहिलं वाकडं झालं, दुसरं फाटलं. जेवायला बोलावलं तर येईनात. जो माणूस भंगार म्हणत होता, तोच आता मला हाक मारून म्हणत होता, "अगं, हे फूल बघ, हे!" मी मनातल्या मनात लई हसले. तोंडावर न्हाई, उगं बिघडायचं.

बघायचं कुठं? गोठ्यापुढच्या हौदात. हौदाच्या काठाला इंजन आवळलं, पंखा पाण्यात सोडला, तेल कालवलेलं पेट्रोल ओतलं. दोरी ओढून ओढून माझा खांदा भरून आला. एकदा नुसतं खोकलं. अन् मंग जे सुटलं म्हणता! धूर, दणदणाट, अन् पंख्यानं हौदातलं सगळं पाणी उचलून मालकांच्या अंगावर फेकलं. म्हैस दावं तोडून पळाली. शेजारीण धावत आली, "आगं बया, काय फुटलं?" मालक नखशिखांत भिजलेले, अन् हसून हसून त्यांना धाप लागलेली. मी तर अंगणात नाचलेच. या वयात!

दसरा उजाडला. पल्याड कपाशी पांढरी झाली होती. चुलत भावाचा सकाळीच फोन, "इसार घेऊन काठावर थांबलोय." मी पाच बायांना पटवलं होतं. प्रत्येकीच्या गळ्यात टायरची हवा भरलेली ट्यूब घातली अन् होडीत बसवलं. इंजन वळवायचा दांडा माझ्या हातात. मालक पुढं बसले.

अन् निघालो तर काय, होडी गोल फिरायला लागली! बैलाचा कासरा उजवीकडं ओढला की बैल उजवीकडं वळतो. इथं दांडा उजवीकडं नेला की होडी डावीकडं! मी घाबरून आणखी जोरात न्यायची, ती आणखी फिरायची. पल्याड चुलत दीर मांडीवर थापा मारून हसताना दिसत होता. एक बाई म्हणाली, "बाई, वेचणीला जायचं का प्रदक्षिणा घालायच्या?" माझी कानशिलं तापली. "गप बसा सगळ्या!" म्हणलं, दात खाल्ले, अन् मनाला वाटंल त्याच्या उलट दांडा धरला. होडीचं नाक सरळ झालं. वारा होता, पाणी हलत होतं, पण होडी बंधाऱ्याकडं तसूभर सरकली न्हाई. बायांनी हातातल्या पिशव्या हलवून आरोळी ठोकली.

काठाला लागलो तेव्हा दीर खिशाला हात लावून उभा होता. मालक खाली उतरले, अन् त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तो इसार राहू दे खिशात. हे रान इकायचं न्हाई. पुन्हा हा विषय काढू नको." एवढंच. माझे डोळे भरून आले ते मी पदरानं पुसलेसुद्धा न्हाईत. वेचणीआधीची रीत म्हणून कपाशीला दहीभाताचा नैवेद्य दाखवला, अन् पहिलं बोंड मी वेचलं.

दिवस कलला. आधी बाया गावाकडं सोडल्या. परत येऊन गाठोडी होडीत भरली, तर दीर अजून काठावरच. जरा वेळ मान खाजवली, मंग म्हणाला, "वैनी, मला कुंभार पिंपळगावला जायचं होतं. पुलावरून लई लांब पडतंय. सोडता का पल्याड?"

"बसा भावजी. मधोमध बसा, अन् हलू नका."

तो गाठोड्याला टेकून बसला, ट्यूब पोटाशी घट्ट धरून. नदीच्या मध्यावर आलो तेव्हा त्यानं मागं वळून आमच्या रानाकडं बघितलं.

"कापूस झकास आलाय तुमचा," तो इंजनाच्या आवाजावर ओरडून म्हणाला.

"आलाय ना!" मीही ओरडले. "आमचाच हाये!"