सीटच्या साच्यासाठी माझी पाठ

“हिलाच बसव. अंगानं सेम आहे. आणि चटका बसला तरी हिच्या घरचे थोडेच कॉलेजात येणारेत?”

सर एका पोराला हळू म्हणाले. मी मागंच झाडत होते. मला ऐकू येतं, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

पुण्यातलं इंजिनिअरिंग कॉलेज. तिथल्या वर्कशॉपात मी ठेकेदाराकडून झाडायला होते. राहायला खडकीत. सातवीत शाळा सुटली, मग लग्न, मग पोरगी. ती अंगावर पिती, म्हणून बरोबर आणायचे, कोपऱ्यात चादरीवर ठेवायचे. पोरं तिथं रेसची गाडी बनवत होती. डिझाइन त्यांचं, जोडलेली पण त्यांनीच. अजून नुसता पाइपांचा सांगाडा. चालवणार होती त्यांच्यातलीच एक मुलगी. माझ्याच वयाची, माझ्याच अंगाची. ती मॅडम, मी मावशी. बाविसाव्या वर्षी मावशी.

त्या दिवशी पोरांनी मला खुर्ची दिली. कोल्ड्रिंक दिलं. फुकट कोण गोड बोलतं?

“मावशी, नुसतं गाडीत बसायचं. मागं फोम फुगतो, पाठीचा साचा निघतो. त्याची मॅडमना सीट.”

“मग मॅडमच बसू देत की.”

“सबमिशन चालूये हो तिचं.”

मॅडम तिथंच उभ्या. मोबाइल बघत.

नाही म्हणावं तर काम जाईल. बसले. खांद्यावरून, कमरेवरून, मांड्यांमधून पट्टे आवळले. पाठीमागच्या प्लास्टिकच्या पिशवीत कायतरी ओतलं. ते फुगायला लागलं. कोमट. मग गरम. मग पाठ चरचरायला लागली.

“भाजतंय ओ.”

“हलू नका मावशी, शेप जाईल.”

तेवढ्यात पोरगी उठली. रडायला लागली. माझं दूध सुटलं. पुढनं ब्लाउज भिजला, मागनं पाठ भाजतीये, पट्टा कसा सुटतो ते माहीत नाही. एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता. तो हसला.

“मावशी लीक झाल्या रे!”

सगळे हसले. मला श्वासच येईना. पोरगी रडून रडून निळी. आणि मी, दारावरच्या वॉचमनला पण अहो-जाहो करणारी मी, सरांकडं बघून ओरडले,

“पट्टा खोल! खोल म्हणते ना!”

सरांना. अरे-तुरे.

एका पोरानं घाईनं पट्टा खोलला. मी उठले तसा साचा फाटला.

“तोंड सांभाळ,” सर म्हणाले. “सगळं मटेरियल वाया घालवलंस.”

मी भिंतीकडं तोंड करून पोरीला पाजलं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा सुपरवायझर दारातच उभा. “परत बसायचं, नाहीतर घरी जायचं. सरांचा निरोप आहे.”

आत गेले, पोरगी कडेवर.

“आधी तुम्ही बसा सर. मग मॅडम. मग हा शूटिंगवाला. सगळे बसून झाले की मला विचारा. तेव्हा पण मी नाहीच म्हणणार.”

“मग काम गेलं तुझं.”

“जाऊ दे.” मी शूटिंगवाल्याकडं वळले. “ते शूटिंग पुसून टाक. माझ्यासमोर.”

त्यानं मोबाइलवर बोट फिरवलं. “पुसलं,” म्हणाला. माझा विश्वास नाही. आजपण नाही.

आता दुसरीकडं कामाला जाते. भीती गेली नाही. पण पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. झाडीन, पुसीन, घासीन. माझ्या अंगाला हात लावायचा नाही. तिथल्या बाई हसल्या.

हसू देत. मी हसले नाही.